चार पायांचा हमाल

सासूबाईंनी आमच्याकडे कायमचं राहायला यायचं कबूल केलं, पण एका अटीवर. आधी त्यांचं शिलाई मशीन वर गेलं पाहिजे, मग त्या येणार.

यातला 'वर' हा शब्द दिसतो तितका साधा नाही. आमचं घर टेकडीवर आहे आणि तिथे जायला रस्ता नाही, पायऱ्या आहेत. त्या नेमक्या किती, यावर गल्लीत आजवर एकमत झालेलं नाही, कारण मोजायला निघालेला प्रत्येक जण मध्येच कोणाशी तरी बोलायला थांबतो आणि आकडा विसरतो. काही पायऱ्या दगडी आहेत, काही सिमेंटच्या आहेत आणि काही नुसत्याच आठवणीतल्या आहेत. म्हणजे इथे पूर्वी पायरी होती हे ज्याला ठाऊक आहे तोच तिथून न पडता जातो. मधोमध एक वाकडा कोपरा आहे. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला लोखंडी कठडा. तिथून एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो, आणि तो अंगाने भरलेला असला तर श्वास सोडून जातो.

मशीन पायाने चालवायचं, ओतीव लोखंडाच्या स्टँडचं. त्यावर सासूबाईंनी उभी हयात कपडे शिवले, दोन मुलं वाढवली आणि गावातल्या निम्म्या लोकांच्या कमरेचं माप त्यांना आजही तोंडपाठ आहे. (माझंही आहे. वाढलं की त्या नुसत्या बघतात.) आम्ही दोन हमाल बोलावले. एकाने मशीनकडे पाहिलं, दुसरा कोपऱ्यापर्यंत जाऊन आला. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, चहा घेतला आणि गेले.

"आई, मशीन खोलून नेलं तर?" मी फोनवर सुचवलं.

"जावईबापू," त्या शांतपणे म्हणाल्या, "घड्याळाचा पट्टा बदलायला तुम्ही दुकानात जाता. मशीन खोलायचं तुम्ही मला सांगू नका."

माझ्या मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाने तोंड उघडलं ते इथे. तो ज्या कंपनीत इंजिनीअर आहे, ती चार पायांची, ओझं वाहणारी यंत्रं बनवते. डोंगर, खाणी, पडझड झालेल्या वस्त्या, जिथे चाक चालत नाही तिथे ही यंत्रं जनावरासारखी चालत जातात म्हणे. तो रविवारी आला, आमच्या पायऱ्या चढला, उतरला, पुन्हा चढला. तुटक्या कडांचे फोटो काढले. एका हलत्या दगडावर पाय ठेवून तो बराच वेळ आनंदाने डोलत होता.

"भाऊजी, खजिना आहे हा! आम्हाला आवारात मुद्दाम दगड टाकून, खड्डे खणून अशी जमीन तयार करावी लागते. तुमच्याकडे आयतीच आहे! चाचणी इथेच घेऊ. आईचं मशीन हाच आमचा माल."

"आमच्याकडे आहे म्हणजे काय आहे?" मी विचारलं.

"आमच्या भाषेत याला दुर्गम भूभाग म्हणतात."

मी इतकी वर्षं ऑफिसात सांगत आलोय की आम्ही शांत, हवेशीर वस्तीत राहतो. बायको पलीकडे तोंड फिरवून हसत होती, हे मला तिच्या पाठीवरून कळलं.

पण खरं सांगायचं तर अपमानापेक्षा कुतूहल मोठं ठरलं. मी विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासतो. माणसं कशी कशी पडतात याचा माझा अभ्यास दांडगा आहे. कोरड्या फरशीवर पडतात, बसल्या खुर्चीवरून पडतात, उभी असलेली गाडी सोडून तिच्या शेजारी पडतात. दोन पायांवर माणसाचं हे असं. मग लोखंडाचं मशीन पाठीवर घेऊन चार पायांवर ही वस्तू उभी तरी कशी राहत असेल?

"पाय कुठे टाकायचा हे त्याला कोण सांगतं?" मी मेहुण्याला विचारलं.

"कोणी नाही. ते बघतं आणि टाकतं. चुकलं तर सावरतं."

"म्हणजे चुकतं?"

"चुकतं की. तुम्ही नाही चुकत?"

या प्रश्नाचं उत्तर बायको देण्याआधी मी विषय बदलला.

गल्लीत बातमी पसरली आणि सल्ले यायला लागले. आमच्या खालच्या घरात 'कर्नल' राहतात. ते सैन्यात कधीच नव्हते. औषधांच्या कंपनीत हिशेब बघायचे. पण मिशा आणि आवाज यांच्या जोरावर ही पदवी त्यांना गल्लीने बहाल केली आहे आणि त्यांनीही ती नाकारलेली नाही.

"खेचर घ्या," कर्नल म्हणाले.

"खेचर आणू कुठून?"

"ते तुमचं तुम्ही बघा. मी तत्त्व सांगतोय."

शेजारच्या दाताच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला तोंड आहे का, असं विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांचा त्या यंत्रातला रस संपला. पायऱ्यांच्या तळाशी किराणा दुकान आहे. तिथला दुकानदार मात्र मन लावून ऐकत होता. सगळं ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "साहेब, मशीन नेण्याआधी सराव लागेलच ना? मग दोन पोती साखर वर पोचवायचीच आहे माझी."

मेहुणा म्हणाला, कंपनीला सगळं कायदेशीर लागतं, वॉर्ड ऑफिसची परवानगी काढा. मी अर्धी रजा टाकून गेलो. पहिल्या खिडकीवर वाहनांचं काम चालायचं. तिथल्या बाईंनी विचारलं, "चाकं किती?"

"चाकं नाहीत. पाय आहेत."

"मग वाहन नाही. जनावरांची खिडकी पलीकडे."

पलीकडच्या गृहस्थांनी विचारलं, "लस टोचली आहे का?"

"यंत्र आहे हो ते."

"मग इथे कशाला आलात?"

"मला पाठवलंय. त्याला पाय आहेत म्हणून."

"पाय टेबलालाही असतात," गृहस्थ म्हणाले. हे बिनतोड होतं. मी स्वतः लोकांचे दावे अशाच वाक्यांनी परत पाठवतो, त्यामुळे मला त्यांचा रागही धड येईना.

शेवटी एका मोठ्या टेबलामागच्या हेडक्लार्कांपुढे मला बसवलं. त्यांनी सगळं दोनदा ऐकलं. मग पेन खाली ठेवलं आणि पुढे झुकून हळूच विचारलं, "खरंच चालतं?"

"चालतं म्हणतात."

"पायऱ्या चढतं?"

"तेच बघायचंय."

"गुडघे पुढे वाकतात की मागे?"

मला माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा पडला. मलाही एकदम वाटलं की एवढी महत्त्वाची चौकशी न करता आपण घराबाहेर पडलोच कसे. त्यांनी बराच विचार केला आणि परवानगी दिली. त्यांच्या मते ही वस्तू कायद्याने हातगाडी ठरत होती. बिनचाकांची, पण हातगाडी. आणि हातगाडीला हात लागतो. म्हणून एका जबाबदार नागरिकाने तिच्यावर सतत हात ठेवून सोबत चाललं पाहिजे.

"जबाबदार नागरिक कोण?" मी विचारलं.

ते माझ्याकडे नुसते बघत राहिले.

शनिवारी सकाळी एक टेम्पो पायऱ्यांच्या तळाशी थांबला. मेहुण्याने मागची फळी पाडली. आत एक काळपट, टेबलाएवढी वस्तू पाय दुमडून बसली होती. डोकं नाही, शेपूट नाही. पाठीवर सपाट चौकट, तिला पट्टे. मेहुण्याने रिमोटवर काहीतरी दाबलं. आतून बारीक गुणगुण सुरू झाली, पाय एकेक करून सरळ झाले आणि ती उभी राहिली. उभी राहून तिने जागच्या जागी दोन-तीन पावलं टाकली, बूट नवीन असले की माणूस टाकतो तशी.

मी गुडघ्यावर बसून तिचे गुडघे पाहिले. मागे वाकत होते. हेडक्लार्कांना कधी एकदा सांगतो असं झालं.

"ढकला त्याला," मेहुणा म्हणाला.

"कशाला?"

"ढकला हो, बिनधास्त."

मी भीत भीत ढकललं. ते एक पाऊल बाजूला गेलं आणि पुन्हा सरळ उभं राहिलं. चिडलं नाही, गुरगुरलं नाही. मग कर्नलांनी ढकललं, डॉक्टरीणबाईंनी ढकललं, दुकानदाराने खांदा लावला. प्रत्येक वेळी ते सावरलं. इतका सोशिक स्वभाव मी आमच्या खानदानात पाहिलेला नाही.

युक्ती अशी होती, की नारिंगी जाकीट घातलेल्या माणसाच्या मागे ते थोडं अंतर ठेवून चालायचं. तो थांबला की थांबायचं, निघाला की निघायचं. जाकीट अर्थात मला मिळालं. एक हात मागे ठेवून, म्हणजे वॉर्ड ऑफिसची अट पाळत, पुढे चालायचं हे दिसतं तितकं सोपं नाही. मी जवळपास आडवाच चढत होतो. पण पाठीवर साखरेची पोती घेऊन ते येत होतं! तुटक्या पायरीशी पाय जरा चाचपायचं, मग टेकायचं. आठवणीतल्या पायरीवर ते अडखळलं, खाली बसल्यासारखं झालं, आणि उठलं. मी वळून वळून बघत होतो, म्हणून दोनदा स्वतः ठेचकाळलो.

वाकड्या कोपऱ्यावरच कर्नलांच्या घराचं दार उघडतं, तिथे ते सूचना द्यायला उभे होते. आंघोळीला जाता जाता आले होते, त्यामुळे अंगात गाऊन होता. तो नारिंगी आहे हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

"डावं! डावं घ्या!" असं ओरडत ते आमच्या दोघांच्या मध्ये घुसले. माझा हात सुटला. यंत्राने क्षणभर माझ्याकडे पाहिलं असावं, मग कर्नलांकडे. त्यांचा नारिंगी रंग जवळ होता आणि आकाराने मोठा होता.

कर्नल एक पाऊल मागे सरले. ते एक पाऊल पुढे गेलं. कर्नल वळले आणि घराकडे निघाले; आधी रुबाबात, मग भराभर, मग गाऊन दोन्ही हातांनी वर धरून. ते त्यांच्या मागे, अंतर राखून, साखरेसकट. घरात शिरले, ते शिरलं. बोळातून गेले, ते गेलं. शेवटी बाथरूमच्या दाराची कडी लागल्याचा आवाज आला.

मेहुणा धावत वर आला, पण धावताना रिमोट त्याच्या हातून निसटून कठड्यापलीकडे गेला. यंत्राच्या पाठीवर बंद करायचं बटण होतं, ते पोत्यांखाली गेलेलं. आणि ते दाबलं असतं तरी यंत्र तिथेच मांडी घालून बसलं असतं, मग बोळातून उचलणार कोण? ते आपलं दारासमोर उभं होतं. मधूनच पाय हलवत होतं, आत कोणी असलं की माणूस बाहेर हलवतो तसं.

"गेलं का?" आतून कर्नलांचा आवाज आला.

"नाही. वाट बघतंय," मी बोळाच्या तोंडाशी उभा राहून म्हणालो.

"त्याला सांगा, हॉल्ट!"

"ते ऐकत नाही, कर्नल. फक्त बघतं. तुम्ही गाऊन काढा आणि खिडकीतून बाहेर द्या."

यावर बराच वेळ शांतता होती. माणसाची इभ्रत कशात असते हे मला त्या शांततेत समजलं. मग बाहेरच्या अंगाला बाथरूमची खिडकी किलकिली झाली आणि एक ओला हात गाऊन घेऊन बाहेर आला. तो मी जाकिटावरून चढवला. कर्नलांच्या देहमानाला बेतलेला तो गाऊन माझ्या पायांत घोळत होता. घराच्या दारात उभं राहून मी यंत्राला दिसेल असे हात हलवले. त्याला मागेही डोळे आहेत, हे मेहुण्याने तेव्हा सांगितलं. वळायला जागा नव्हती. ते तसंच मागे मागे, एकेक पाय जपून टाकत, बोळातून बाहेर आलं.

अशा रीतीने मी कर्नलांचा गाऊन घालून, मागे साखर वाहणारं यंत्र घेऊन भर गल्लीत प्रकट झालो. समोर वॉर्ड ऑफिसचे हेडक्लार्क उभे होते. सुट्टीचा दिवस होता म्हणून मुद्दाम बघायला आले होते, बायकोला घेऊन.

"हात!" ते ओरडले. "हात कुठाय? हात ठेवायचं ठरलंय आपलं!"

मी हात ठेवला. मग त्यांच्या पत्नीने विचारलं, "हेच का ते हातगाडीवाले?" तिला मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. आठवावंसंही वाटत नाही.

ही हकिकत रात्रीच्या आत सासूबाईंपर्यंत पोचली. बायकोने फोनवर सांगितली, हसून हसून दोनदा सांगितली. मला वाटलं, झालं, आता त्या मशीन पाठवणार नाहीत. पण पलीकडून प्रश्न आला, "बाथरूमबाहेरच थांबलं ना? आत नाही ना शिरलं?"

"नाही, आई."

"मग वळण चांगलं आहे."

रविवारी त्या आल्या. मशीन टेम्पोत, त्या टेम्पोच्या पुढच्या सीटवर. उतरल्या, पदर खोचला आणि यंत्राभोवती एक फेरी मारली. नव्या कारागिराकडे बघावं तसं त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. सांध्याला बोट लावलं, बोटाचा वास घेतला.

"तेल कुठे घालतोस?" त्यांनी मुलाला विचारलं.

"आई, याला तेल लागत नाही."

"लागत नाही असं काही नसतं," त्या म्हणाल्या. मग मशीनला बांधलेले पट्टे ओढून पाहिले, एक सोडवला आणि स्वतः नव्याने आवळला. पुढचं सगळं गल्ली अजून सांगते, त्यामुळे थोडक्यात सांगतो. कर्नल पांढऱ्या कपड्यांत होते, घरातून बघत होते. वाकड्या कोपऱ्यावर कोणीतरी पाणी सांडलं होतं. यंत्राचा मागचा पाय घसरला, मशीन भिंतीकडे कललं, माझ्या बायकोने डोळे मिटले, आणि चारही पाय एकाच वेळी काहीतरी भराभर करून ते सरळ झालं. त्याच पाण्यावर मी घसरलो. मी सरळ झालो नाही. पडल्या पडल्या माझ्या मनात आलं, या दाव्यात कारण काय लिहायचं? 'यंत्र पडेल म्हणून बघत असताना'?

मशीन वर पोचलं. खिडकीशी, उजेडात ठेवलं. गल्लीने टाळ्या वाजवल्या. मी कपडे झटकत खाली आलो, सासूबाईंना घ्यायला.

त्या किराणा दुकानाच्या स्टुलावर बसल्या होत्या. पिशवी मांडीवर.

"चला, आई."

"मशीन नीट बसलं?"

"एकदम झकास. खिडकीशी."

"बरं झालं. राहू दे तिथेच. मी येईन नंतर. टेम्पो परत जातोच आहे ना?"

मला काही कळेना. बायको माझ्या मागून उतरून आली होती. ती आईसमोर उकिडवी बसली. "आई, काय झालं?"

सासूबाई पायऱ्यांकडे बघत होत्या. म्हणाल्या, "मला वाटलं होतं, ते वर जाणारच नाही."

मशीनची अट ही मशीनची नव्हतीच. दोन हमाल परत गेले तेव्हा त्यांना हायसं वाटलं असणार. आणि आम्ही मात्र वॉर्ड ऑफिस, परवानगी, चार पाय, सगळं जमवत बसलो होतो, त्यांच्या सुटकेची वाट बंद करत.

"मागच्या वेळी," त्या म्हणाल्या, "त्या वाकड्या कोपऱ्यावर माझा गुडघा अडला. मागे सहा माणसं खोळंबली. सगळी म्हणतात, सावकाश, काकू, सावकाश. एक म्हणाला, खुर्ची आणा, उचलून नेऊ." त्यांनी पिशवीचा बंद नीट केला. "मी मुंजीच्या मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांचे कपडे शिवले. मला कोणी खुर्चीत घालून नेलेलं नाही. मागून कोणी सावकाश म्हटलं ना, की मला घाईच व्हायला लागते."

'सावकाश' म्हणणाऱ्यांत मीही होतो. सगळ्यात मोठ्याने.

तेवढ्यात यंत्र खाली आलं. मेहुण्याने जाकीट घातलं होतं आणि तो पुढे होता. पण यंत्र मात्र पुढची बाजू वरच्या दिशेला ठेवून, पाठमोरं उतरत होतं. मागचा पाय हळूच खाली, चाचपून, मग पुढचा. सासूबाई स्टुलावरून पुढे झुकल्या.

"हे उलटं का उतरतं?"

"त्याचे गुडघे मागे वाकतात, आई," मेहुणा म्हणाला. "असं उतरलं की पाय पायरीच्या कडेला अडत नाहीत, तोल बरा राहतो."

"आणि त्याला लाज नाही वाटत?"

"कशाची?"

"सगळे बघतात त्याची."

मेहुणा इंजिनीअर आहे. त्याला या प्रश्नाचं उत्तर सुचलं नाही, आणि सुचल्यासारखं त्याने दाखवलं नाही, याबद्दल मला तो पहिल्यांदाच आवडला. सासूबाई बराच वेळ यंत्राकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "मी थांबले तर ते थांबेल?"

"थांबेल."

"किती वेळ?"

"बॅटरी असेपर्यंत."

"बोलणार नाही ना काही?"

"बोलायची सोयच नाही, आई."

"जाकीट आण इकडे."

"आई, तू... हे माल वाहायला आहे. माणसं बसवायला कंपनी..."

"मी बसणार कुठे म्हटलं? मी चालणार आहे." मग आमच्या सगळ्यांकडे वळून त्या म्हणाल्या, "आणि कोणी एक अक्षर बोलायचं नाही."

त्यांनी साडीवर नारिंगी जाकीट घातलं आणि निघाल्या. मागे ते रिकाम्या पाठीने. त्यामागे बऱ्याच अंतरावर आम्ही. तोंडं मिटून, अगदी शाळेच्या रांगेत असावं तसे. दुकानदाराने गिऱ्हाईक सोडलं. डॉक्टरीणबाई पेशंटला तोंड उघडं ठेवून बसवून बाहेर आल्या असाव्यात, कारण त्यांच्या हातात छोटा आरसा होता.

त्या चार पायऱ्या चढायच्या आणि थांबायच्या. ते थांबायचं. उसासा नाही, घड्याळ बघणं नाही, 'जमतंय ना?' नाही. त्या निघाल्या की निघायचं. एकदा त्या मुद्दाम थांबल्या, मागे वळल्या आणि त्याला बघत बराच वेळ उभ्या राहिल्या. तेही उभं. मला वाटतं, त्या त्याची परीक्षा घेत होत्या. पास झालं असावं, कारण पुढच्या पायऱ्या त्या जरा सुटसुटीतपणे चढल्या.

वाकड्या कोपऱ्यावर त्यांनी कठडा धरला. गुडघा अडला. आम्हा सगळ्यांना ते खालून दिसलं. माझ्या जिभेच्या टोकाशी तो शब्द आला होता. बायकोने माझा हात इतका घट्ट दाबला की तो शब्द तिथेच राहिला. सासूबाईंनी दुसरा हात मागे नेला, यंत्राच्या पाठीवरच्या चौकटीवर टेकला आणि श्वास घेतला. ते किंचित दबलं, पाय जरा रुंद केले आणि स्थिर राहिलं. वॉर्ड ऑफिसची अट पहिल्यांदाच नीट पाळली जात होती. घराच्या खिडकीत कर्नल उभे होते. ते काही बोलायला तोंड उघडतायत असं मला दिसलं. मग त्यांनी ते मिटलं. त्यांच्या बाबतीत मी हे आधी पाहिलं नव्हतं.

किती वेळ गेला मला माहीत नाही. त्या निघाल्या.

वर पोचल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण बोलायची बंदी उठली की नाही हे कोणालाच कळेना. सासूबाईंनी दारातच जाकीट काढलं, त्याच्या खांद्याची उसवलेली शिवण पाहिली आणि 'शिवण कोणी घातलीय ही?' असं म्हणत मशीनपाशी गेल्या.

यंत्र आठवड्याने परत गेलं. कंपनी त्याला कुठल्याशा डोंगरावर, दूरच्या वस्तीत औषधं पोचवायला नेणार आहे म्हणे. गल्लीने अर्ज केला, आणखी महिनाभर ठेवा; दुकानदाराची सही सर्वांत वर होती. कंपनीने नम्रपणे नाही म्हटलं. आता आमच्याकडे माल पूर्वीसारखाच माणसं वाहतात.

पण सासूबाई राहिल्या. रोज संध्याकाळी त्या दोरे, बटणं, अस्तर बघायला खाली जातात. एकट्या जात नाहीत. ऑफिसातून आलो की माझ्या हातात पिशवी दिली जाते आणि मी मागून चालतो. पहिल्याच दिवशी तुटक्या पायरीशी मी म्हटलं, "आई, जपून हं."

त्या थांबल्या. वळल्या. "जावईबापू, ते बोलत नव्हतं."

तेव्हापासून मी बोलत नाही. त्या थांबल्या की थांबतो, निघाल्या की निघतो. वाकड्या कोपऱ्यावर त्यांचा हात माझ्या खांद्यावर येतो आणि मी पाय जरा रुंद करून उभा राहतो. उतरताना तर त्या सरळ पाठमोऱ्याच उतरतात. कठडा धरून, एकेक पाय मागे चाचपत. गुडघा दुखत नाही म्हणतात. मी त्यांच्या खालच्या पायरीवर, तसाच, पाठमोरा. सुरुवातीला गल्ली बघायची. ऑफिसातला एक सहकारी एकदा भेटला आणि बघून वळून गेला. मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. पाठमोरं उतरण्याची एक गंमत आहे. खाली पोचेपर्यंत समोर घरच दिसत राहतं. आधी दार, मग खिडकी, मग खिडकीतलं मशीन, आणि शेवटी आपण निघताना विझवायला विसरलेला दिवा.